काचकाकांची दोन्हीकडची गाऱ्हाणी

काचकाका घरी आले की आधी बूट काढायला बसत आणि मग तोंड उघडत. बूट काढायला त्यांना वेळ लागे, कारण सकाळी ते नाड्या अशा करकचून आवळत, जणू दिवसभरात कोणी त्यांचे पायच पळवून नेणार आहे. पण दुसरी नाडी सुटायच्या आत पहिली तक्रार सुटलेली असे. "काय ती माणसं आणि काय ते कॉलेज!" एवढं म्हणून ते भिंतीला टेकत. मग डोंगरातून निघालेला ओढा जसा वाटेत कुठे थांबत नाही, तसे जेवण उरकेपर्यंत ते थांबत नसत.

वस्तीच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि गवत सुरू होतं, तिथे एक लहानसं खासगी कॉलेज होतं. त्याच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. काचेच्या नळ्या धुवायच्या, द्रावणं तयार ठेवायची, फुटलेलं गोळा करायचं, हे त्यांचं काम. पोरांनी त्यांना काचकाका म्हणायला सुरुवात केली, प्राध्यापकांनी ते उचललं, आणि त्यांचं खरं नाव पगारापुरतं उरलं.

कॉलेज म्हणजे मध्ये अंगण आणि चारी बाजूंनी बैठ्या खोल्या. ग्रंथालयात कोणी शिंकलं तर प्रयोगशाळेतून "औषध घे रे" असं उत्तर जाई. विद्यार्थी इतके मोजके, की हजेरी घ्यायची गरजच नसे. बाक रिकामा दिसला की सगळ्यांच्या माना तिकडे वळत. काचकाकांचं पहिलं गाऱ्हाणं तेच.

"एक पोरगं आलं नाही, तर प्रयोग सुरू होत नाही!" ते घास हातात धरून सांगत. "आधी चौकशी. ताप आहे का? घरी भांडण झालंय का? मग कोणीतरी सायकल काढून त्याच्या घरी जाणार. तोवर मी द्रावणं भरून बसलोय तसाच, पाहुण्याची वाट बघत बसावं तसा. कॉलेज आहे की एकत्र कुटुंब?"

दुसरं गाऱ्हाणं प्राचार्यबाईंचं. त्या स्वतः रसायन शिकवत आणि शिकवता शिकवता चहा पीत. पण कप कधी पूर्ण रिकामा करतील तर शपथ. अर्धा कप खिडकीत, अर्धा कप तराजूशेजारी, एकदा तर आम्लाच्या बाटल्यांच्या रांगेत. घरी काचकाका त्यांना 'अर्धाकपबाई' म्हणत. पदार्थविज्ञानाचे सर दर आठवड्याला कपाटाची किल्ली हरवत, म्हणून ते 'किल्लीसर'. ती किल्ली शोधायला सगळं कॉलेज अंगणात ओणवं होई आणि शेवटी ती सरांच्याच खिशात सापडे.

आणि सगळ्यात मोठं गाऱ्हाणं पेट्यांचं. काचसामान तुटपुंजं, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला एक लाकडी पेटी मिळे. आत त्याच्या नळ्या, त्याचा चंचुपात्रांचा जोड, सगळ्यांवर त्याच्या रंगाचा एकेक ठिपका. शिक्षण संपलं की ती पेटी आपल्या हाताने नव्या पोराला द्यायची, असा तिथला रिवाज. "द्या ना मग! एका मिनिटाचं काम!" काचकाका तळतळून म्हणत. "पण नाही. ही नळी कशी धरायची, हिच्या तोंडाला चीर आहे तर जपून, हे पात्र मी पहिल्याच दिवशी फोडता फोडता वाचवलं होतं... सगळा दिवस जातो त्यात. आणि शेवटी रडारड. परीक्षानळीसाठी रडणारी माणसं मी त्याच कॉलेजात बघितली."

बायको हे सगळं एका कानाने ऐके आणि दुसऱ्याने दुधावर लक्ष ठेवी. लेक मात्र गुडघ्यावर हनुवटी टेकून दोन्ही कानांनी ऐके, आणि बाप जरा थांबला की म्हणे, "मग?"

त्या 'मग'चा काचकाकांना कधी संशय आला नाही. यावा तरी कसा? ते तक्रार करत होते. गाऱ्हाण्याची कोणी वाट बघतं, हे त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

पण ही गोष्ट अर्धीच झाली. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडून नळ सुरू केला, की काचकाका तिथे घरचं गाऱ्हाणं काढत. लेक उशिरा उठते, पुस्तक तोंडासमोर धरून दात घासते, सातवीत तिने स्वतःचे केस स्वतःच कापले आणि महिनाभर टोपी घालून फिरली. रुसली की जिन्याखाली जाऊन बसते. आणि बायको? तिला दुधाचं भांडं नवऱ्यापेक्षा जवळचं. प्राचार्यबाई अर्धा कप हातात धरून ऐकत, किल्लीसर खिसे चाचपत ऐकत. "मग, आज काय केलं मुलीने?" असं कोणी ना कोणी विचारीच.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटणार नाहीत, या एकाच भरवशावर काचकाकांचा संसार आणि नोकरी उभी होती. तो भरवसा त्यांनी मेहनतीने राखला होता. कॉलेजच्या संमेलनाला घरच्यांना बोलावतात, हे त्यांनी घरी कधी कळू दिलं नाही. आणि कॉलेजात सांगितलं होतं, की बायकोला गर्दीत घेरी येते.

त्यामुळे लेकीला शाळेच्या शेवटच्या परीक्षेत चांगले गुण पडले आणि शहरातल्या मोठ्या कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा काचकाकांना आनंद दुहेरी झाला. पोरीचं नशीब उघडलं, आणि आपलं झाकलेलं झाकलेलंच राहिलं. शनिवारपर्यंत जाऊन होकार कळवायचा होता.

"मला नाही जायचं तिथे," लेक जेवताना म्हणाली. "मी तुमच्या कॉलेजात येणार."

काचकाकांच्या हातातला घास ताटात पडला. "कुठे?"

"तुमच्या. अर्धाकपबाईंच्या."

"अगं ए, ऐकतेस का ही काय म्हणते ते!" त्यांनी बायकोकडे धाव घेतली. "ते कॉलेज आहे का? मी रोज घसा कोरडा करून सांगतोय काय?"

"तुम्ही रोज सांगता म्हणूनच तर," लेक म्हणाली. "एक जण आला नाही तर सगळे थांबतात, असं दुसरीकडे कुठे आहे? मला ती ठिपक्यांची पेटी हवीय."

"ती तक्रार होती!"

"असेल. मला आवडली."

बायकोला हसू आवरेना. "घ्या. इतकी वर्षं जाहिरात केलीत, आता गिऱ्हाईक दारात आलं तर दार लावता?"

काचकाकांनी त्या आठवड्यात सगळे उपाय केले. ते ओरडले, अबोला धरून बसले, आणि शेवटी लेकीला शहरात घेऊन गेले. ते कॉलेज खरोखरच देखणं होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. उंच इमारत, स्वच्छ जिने, प्रत्येक टेबलाला स्वतंत्र नळ, आणि काचसामान इतकं, की कपाटांमागे कपाटं. तिथला मदतनीस एका खिडकीत बसला होता. मागितलेलं द्यायचं, परत आलेलं घ्यायचं, बाकी कोणी त्याला हाक मारत नव्हतं. काचकाका त्याच्याकडे बघतच राहिले.

"तुम्हाला किल्ली शोधायला ओणवं व्हावं लागतं का हो?" त्यांनी विचारलं.

"कसली किल्ली?" तो भला माणूस म्हणाला.

"बघ!" काचकाका लेकीकडे वळले. "याला म्हणतात नोकरी. आणि याला म्हणतात कॉलेज. इथे तुला कोणी विचारणार नाही, कुठे होतीस, का आली नाहीस. आपलं शिकावं, आपलं घरी यावं."

"चांगलं आहे," लेक म्हणाली. ती खरंच म्हणत होती. ती बराच वेळ जिन्यात उभी राहून खालून वर जाणारी माणसं बघत राहिली. परतीच्या बसमध्ये बसताना ती म्हणाली, "चांगलं आहे. पण तुमचंही एकदा बघते. तुम्हीच सांगता ना, तिथे आधी एक दिवस बसून जायचं असतं?"

खरं होतं ते. एक दिवस वर्गात बसून बघायचं, पटलं तर नाव घालायचं, असा त्या कॉलेजचा नियम होता. आणि तोही काचकाकांनीच एकदा वैतागून घरी सांगितला होता. स्वतःच्या जिभेला चिमटा काढावा असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी लेकीला पुढच्या फाटकाऐवजी मागच्या वाटेने आणलं, पाण्याच्या टाकीजवळून. वर्गाच्या मागच्या बाकावर गुपचूप बसवावं, दुपारी तसंच परत न्यावं, असा बेत होता. पण टाकीजवळ किल्लीसर ओणवे होऊन गवत चाळत होते.

"काका, किल्ली..." असं म्हणत त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे! हीच का ती? टोपीवाली?"

लेकीने बापाकडे पाहिलं. "टोपीवाली म्हणजे?"

"काही नाही, सरांना सवय आहे," काचकाका घाईने म्हणाले.

"केस आता छान वाढलेत की!" सर कौतुकाने म्हणाले. "काकांनी सांगितलं तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो होतो."

लेकीचे कान लाल झाले. पण ती बापाचीच लेक होती. ती शांतपणे म्हणाली, "किल्लीसर ना तुम्ही? डाव्या खिशात बघा."

सरांनी खिशात हात घातला. किल्ली निघाली. मग ते काचकाकांकडे बघून हळूच म्हणाले, "किल्लीसर?"

काचकाकांनी टाकीच्या नळाकडे बघून घेतलं, जणू तो गळतोय.

पुढे काहीच त्यांच्या हातात राहिलं नाही. बातमी अंगणातून त्यांच्या आधी पोचली. शिक्षकांच्या खोलीत प्राचार्यबाई उठून पुढे आल्या, म्हणाल्या, "ये, बस. घाबरू नकोस, इथे जिना नाहीये रुसून बसायला." सगळे हसले. लेकही हसली, जरा ओठ दाबून. तिची नजर खिडकीतल्या कपावर गेली. "अर्धाच ठेवलात ना," ती म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्या माना काचकाकांकडे वळल्या.

"काका," प्राचार्यबाई गोड आवाजात म्हणाल्या, "घरी काय काय सांगता हो तुम्ही आमच्याबद्दल?"

"मॅडम, मी... द्रावणं भरायचीत," काचकाका म्हणाले. पण जागचे हलले नाहीत. आपण नसताना आणखी काय निघेल याची धास्ती जास्त होती.

आणि तेवढ्यात किल्लीसरांनी नको ते केलं. मनाने ते साधे होते. त्यांना वाटलं, पोरगी बिचारी अवघडली आहे, तिला धीर द्यावा. "आणि बरं का," ते म्हणाले, "आमच्याकडे मंचच नाहीये. बोलायचं तर अंगणातच उभं राहायचं, तेही वाटलं तर. त्यामुळे शाळेतल्यासारखं होईल अशी भीती बाळगू नकोस."

लेकीचं हसू विझलं. ती उठली, कोणाकडे न बघता बाहेर पडली, आणि अंगण ओलांडून समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरली. ती प्रयोगशाळा होती.

शाळेत असताना ती एका वक्तृत्व स्पर्धेत मंचावर उभी राहिली होती. भाषण पाठ होतं, पण तोंडातून एक शब्द फुटला नाही. समोरचे लोक वाट बघत राहिले, मग कुजबुजले, मग ती खाली उतरली आणि शेतातल्या पायवाटेने एकटीच घरी आली. आईबापांकडून तिने वचन घेतलं होतं, की ही गोष्ट घराबाहेर जायची नाही.

काचकाका दारात आले तेव्हा ती पेट्यांच्या कपाटाशी पाठमोरी उभी होती.

"तुम्ही हेसुद्धा सांगितलंत," ती म्हणाली.

"अगं..."

"केसांचं ठीक आहे. जिन्याचं ठीक आहे. पण हे? त्याचंही गाऱ्हाणंच केलंत?"

"ते गाऱ्हाणं नव्हतं गं." काचकाकांनी समोरची एक नळी उचलली, उगाच उजेडात धरली आणि परत ठेवली. "त्या रात्री मला झोप नाही लागली. सकाळी इथे आलो, नळ सोडला, आणि धुता धुता लक्ष उडालं. एक पात्र फुटलं. मॅडमनी विचारलं, काय झालं. मी कोणाला सांगणार होतो? तुझी आई रडत होती, तू बोलत नव्हतीस. मला तरी कोण होतं?"

"मग मी मोठ्या कॉलेजातच जाते," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "तिथे कोणाला माहीत नाही. तुम्हाला तेच हवं होतं ना? झालं तुमच्या मनासारखं."

मनासारखं झालं होतं खरं. सगळा आठवडा ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं ते समोर आलं होतं, आणि काचकाकांना वाटलं, ते कोणीतरी परत घ्यावं. ते काही बोलणार तोच दाराशी खाकरल्याचा आवाज आला. किल्लीसर उभे होते, त्यांच्यामागे प्राचार्यबाई, त्यांच्यामागे ग्रंथपाल, आणि पलीकडे अर्धा वर्ग.

"माझीच चूक झाली," किल्लीसर म्हणाले.

"तिला पाणी द्या आधी," कोणीतरी मागून म्हणालं.

"तिला एकटीला राहू द्या," असं ग्रंथपाल म्हणाले आणि आणखी एक पाऊल आत आले.

"अहो, बापलेकीचं भांडण आहे, तुम्ही सगळे कशाला..." प्राचार्यबाई म्हणाल्या, आणि त्याही तिथेच उभ्या राहिल्या.

तेव्हा लेकीचा बांध फुटला. ती वळली आणि सगळ्या दाराकडे तोंड करून बोलू लागली.

"तुम्हाला कामं नाहीत का? मला इथे येऊन अर्धा तासही नाही झाला आणि माझे केस, माझं रुसणं, माझी फजिती, सगळं तुमच्या तोंडी आहे! माणसाचं स्वतःचं असं काही ठेवता की नाही? सर, तुम्ही धीर द्यायला आलात, पण माझ्याशी ओळख तरी करून घ्यायचीत आधी. बाई, तुम्ही मला हसत होतात, तुमचे कप कोण धुतं ते ठाऊक आहे का? आणि हे बाबा, दोन्हीकडे बोलत सुटतात आणि कुणीही त्यांना गप्प करत नाही! मी मंचावर बोलले नाही, कारण समोर कोण बसलंय तेच मला कळत नव्हतं. सगळे सारखेच दिसत होते. ते मी तुम्हाला सांगायचं होतं, माझं मी, मला हवं तेव्हा!"

किल्लीसरांनी चष्मा काढून पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले, "आधी ओळख करून घ्यायला हवी होती." आणि त्यांनी खरोखरच पुढे येऊन आपलं नाव सांगितलं, आपण काय शिकवतो ते सांगितलं, आणि तिला विचारलं, तुमचं नाव काय. तिने सांगितलं. मग ग्रंथपालांनी सांगितलं. मग मागची पोरं एकेक करून पुढे येऊ लागली, इतक्या गंभीरपणे, की काचकाकांचा जीव मेटाकुटीला आला. आता हे दुपारपर्यंत चालणार, आणि प्रयोग सुरू व्हायचा नाही.

सगळे गेल्यावर लेक बाकावर बसली. घामाघूम झाली होती.

"मोठ्या कॉलेजात असं कोणावर ओरडता आलं असतं का?" ती स्वतःशीच म्हणाली.

"तिथे ओरडायची वेळच आली नसती," काचकाका म्हणाले.

"तेच म्हणतेय मी." ती उठली. "नाव घालते इथे. पण तुम्ही माझ्याबद्दल इथे एक अक्षर बोलायचं नाही. मी बाईंनाच सांगते तसा नियम करायला."

ती प्राचार्यबाईंच्या खोलीत गेली. काचकाका मागोमाग. प्राचार्यबाईंनी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि खेदाने मान हलवली.

"हा नियम मला पाळायला लावता येणार नाही गं," त्या म्हणाल्या. "यांना गप्प बसवायचा प्रयत्न आम्ही करून पाहिलाय. आजारी पडले. पण तुला एक करता येईल. ते घरी कसे असतात, ते आम्हाला कोणी कधी सांगितलेलं नाही."

लेक विचारात पडली. मग खुर्ची पुढे ओढून बसली. "आधी बुटांपासून सांगते," ती म्हणाली.

काचकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर प्राचार्यबाई होत्या, म्हणून ते दातओठ खात प्रयोगशाळेत आले आणि नळ सोडून नळ्या धुवू लागले. भिंतीपलीकडून हसण्याचा फवारा आला. त्यांनी नळ बारीक केला. मग बंदच केला. भिंतीला कान लावला, तर त्यांना आपलं नाव ऐकू आलं, मग भिजलेल्या छत्रीचं काहीतरी, आणि पुन्हा हसू. ती छत्रीची गोष्ट तशी नव्हतीच मुळी. पोरगी सगळं उलटं सांगत होती. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, काही अक्कल नाही!

हातातली ओली नळी तशीच धरून ते तरातरा परत गेले आणि दारातूनच ओरडले, "तसं नव्हतं ते! छत्री माझी नव्हतीच! नीट सांग जरा!"

"काका," प्राचार्यबाई उठत म्हणाल्या, "तुमचं इतकी वर्षं ऐकलं आम्ही. आता हिचं ऐकू द्या." आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.